मस्टँग, सुपरचार्जर आणि धोपाव्याची जेट्टी : ‘वेगवेडा’ यांना उत्तर

वेगवेडा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात लगेच काही लिहायला नको म्हणून झोपलो आणि आज सकाळी चहाबरोबर परत वाचली. चहा संपेस्तोवर राग बराच उतरला, कारण तुमचे दोन मुद्दे बिनतोड आहेत. बाकीच्यांवर भांडणार आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याच्या एका गृहस्थांची २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी विकायला आहे. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, त्यावर नंतर बसवलेला सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), खाली केलेलं सस्पेन्शन, मागणी ४६ लाख. माझ्याकडे शृंगारतळीचा गाळा विकल्याचे पैसे आहेत, मुलं मार्गी लागली आहेत, आणि ही गाडी घ्यावी की नाही यावर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. कल ‘नको’कडे होता. त्यावर तुमचं म्हणणं : हा सगळा मध्यमवर्गीय भित्रेपणा आहे, डायनो शीट (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागद) समोर असताना शंका काढणं हे अज्ञान आहे, सुपरचार्जरच्या किटवर ९१ ऑक्टेन (दाबाखाली अवेळी न पेटण्याची पेट्रोलची ताकद) लिहिलंय आणि आपलं साधं पेट्रोलही ९१च, कोकणातल्या रस्त्यांचं रडगाणं आता पुरे, आणि ‘काका, तुम्ही ती गाडी धड चालवली तरी आहे का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चालवली. पहाटे साडेपाचला गुहागरहून निघून मोडकाआगर, शृंगारतळी, मार्गताम्हाने करत चिपळूणपर्यंत. मालक शेजारी बसले होते, घट्ट. रस्ता मोकळा होता, दुधाची एक गाडी सोडली तर कोणी नाही. शृंगारतळीच्या पुढे एका चढावर पाय जरा जास्त खाली गेला. सुपरचार्जरची शीळ आणि त्याखाली त्या आठ सिलिंडरचा घुमार एकदम उठला, आणि पाठ सीटला अशी चिकटली की चिपळूण येईपर्यंत माझ्या तोंडावरचं हसू जाईना. त्रेपन्नाव्या वर्षी. तेव्हा भित्रेपणाचा आरोप परत घ्या. मला वेगाची भीती वाटली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती, फोनवरच नाही म्हटलं असतं.

आता तुमचा पहिला बिनतोड मुद्दा. मी लिहिलं होतं, ‘सुपरचार्जर लावला की इंजिनाचं आयुष्य गेलं समजा.’ हे वाक्य चूक होतं, मागे घेतो. नीट बसवलेलं, नीट ट्यून केलेलं किट वर्षानुवर्षं चालतं. माझी शंका त्या ‘नीट’ शब्दाबद्दल आहे, आणि तिथेच तुमचं ऑक्टेनचं गणित घसरलंय.

किट अमेरिकेतलं. अमेरिकेत पंपावर जो आकडा लिहितात तो रॉन आणि मॉन या दोन मोजण्यांची सरासरी असतो. आपल्याकडे पंपावर लिहिलेला आकडा नुसता रॉन. एकच पेट्रोल अमेरिकेत ९१ म्हणून विकलं तर आपल्या मापात ते ९५-९६च्या आसपास भरतं. म्हणजे किटवरचं ९१ आणि आपल्या पंपावरचं ९१ हे फक्त नावाला सारखे आहेत. हे तुम्हालाच नाही, मालकांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी सहा वर्षं गाडी चालवली आहे. या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मुळातच ११ला १. त्यावर दाबून हवा भरायची आणि खाली चार-पाच ऑक्टेन कमी, म्हणजे पिस्टनवर हातोडी.

तुम्ही म्हणाल, आता ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय, इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, साधं पेट्रोलही ९५च्या घरात गेलं. कबूल. पण इथेनॉल एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, ई-२०ला साधारण साडेतेरा. तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. या गाडीचा मॅप, म्हणजे किती हवेला किती इंधन हे ठरवणारी तिच्या संगणकातली फाइल, २०१९चा, तेव्हा पंपावर इतकं इथेनॉल नव्हतं. ई-१० धरून चाललो तरी इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांना, आज चार-साडेचार टक्के जास्त काम आहे.

आणि आता तुमची लाडकी डायनो शीट. ती पुण्यात काढलेली. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब आमच्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. हा सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक घनफळ हवा ढकलतो, ती हवा दाट असेल तर आत जास्त वजन जातं. गुहागरात जातं. मालकांकडून मी लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) मागितला तर त्यांनी एक स्क्रीनशॉट पाठवला, त्यात पाय पूर्ण दाबल्यावर इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडे. ट्यूनर मंडळी साधारण इथेच थांबतात, वरचं राखीव ठेवतात. आता तुम्हीच करा गुणाकार : ८५ला समुद्रकाठचे सहा टक्के, त्यावर इथेनॉलचे साडेचार. मला ९४ आले. उरलेल्या सहा टक्क्यांत पंप जरा थकला की मिश्रण सुकं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि सुकं पडलेलं इंजिन तुम्हाला आधी चिठ्ठी पाठवत नाही.

हे दुरुस्त होण्यासारखं नाही का? आहे. मॅप उघडायचा आणि इथल्या हवेला, इथल्या पेट्रोलला बसवून घ्यायचा. पण ट्यूनरने फाइल लॉक करून ठेवली आहे आणि तो आता फोन उचलत नाही. माझी अडचण एवढीच आहे, सुपरचार्जर नाही. बदललेली गाडी घेताना आपण लोखंड घेतो तसे आधीच्या माणसाने घेतलेले सगळे निर्णयही घेतो, आणि ते निर्णय कुठे लिहून ठेवलेले नसले तर प्रत्येक आवाजावर दचकायचं.

मी २७ वर्षं मोटार रिवाइंडिंग केलं आहे, म्हणून गाडी बघताना मी बॉनेटपेक्षा वायरिंग आधी बघतो. डिकीतला गालिचा उचलला. (सीटबेल्टही शेवटपर्यंत ओढून बघितला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्यानंतर आमच्या भागात कोणतीही जुनी गाडी घेताना हे आम्ही सगळेच करतो. बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. इथे नव्हती.) गालिच्याखाली इंधनपंपाला जास्त व्होल्टेज देणारी एक डबी बसवलेली. डबी चांगली होती. तिला जोडलेली वायर मात्र मधेच सोलून, पिळून, वर काळी टेप. टेप सोडवली तर तांब्यावर हिरवा थर आणि दोन-तीन तारा तुटलेल्या. पुण्याच्या कोरड्या हवेत हे कदाचित अजून दहा वर्षं चाललं असतं. माझ्या घरापासून समुद्र चालत चार मिनिटांवर. नव्या सायलेन्सरला इथे तिसऱ्या पावसाळ्यात भोक पडतं. आणि ही वायर ज्या पंपाला जाते तोच पंप त्या ९४ टक्क्यांना पेट्रोल पुरवतो. मालकांना जोड दाखवला. ते म्हणाले, ‘अरे, हे मला माहीतच नव्हतं.’ खोटं बोलत नव्हते. तेच तर.

मुंबईही समुद्रकाठीच आहे आणि तिथे याहून भारी गाड्या फिरतात, हा तुमचा दुसरा बिनतोड मुद्दा. मान्य. खाऱ्या वाऱ्याचं मी जरा जास्तच केलं. बंद गॅरेज आणि आठवड्याला खालून गोड्या पाण्याचा फवारा एवढं केलं तर लोखंड टिकतं. उघडे जोड टिकत नाहीत, म्हणून ते वरच वेगळं सांगितलं.

रस्त्यांबद्दल मात्र तुम्ही माझा लेख न वाचता बोललात. महामार्गाचं काँक्रीट झालंय तिथे ही गाडी लोण्यासारखी जाते हे मीच लिहिलं होतं. मोठ्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांचंही रडगाणं नाही. पुढच्या लिपखाली, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेखाली, टेप लावून मोजलं, जमिनीपासून ९ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो. इतका पसरट की ही गाडी त्यावरून पोट न घासता जाते, कागदावर काढून बघितलं आहे. आमच्या वाडीत ग्रामस्थांनी श्रमदानातून घातलेला गतिरोधक दीड फूट रुंद आहे आणि त्याची उंची कोणी मोजलेली नाही, पण तिथे मी गाडी नेलीच नाही.

नेली धोपाव्याला. बहीण दापोलीला असते, तिला दाखवायला. धोपावे-दाभोळ फेरीने गेलं की चिपळूण-खेडचा वळसा वाचतो, गुहागरचा माणूस दुसऱ्या रस्त्याने जातच नाही. ओहोटी होती. जेट्टीचा उतार खाली जाणारा, बोटीची लोखंडी फळी वर जाणारी, आणि दोन्ही मिळतात तिथे खोलगट कोन. माझी रोजची गाडी हे डोळे मिटून करते. मस्टँगचं नाक त्या कोनात शिरलं आणि असा खर्रर्र आवाज आला की मालकांनी डोळे मिटून घेतले. खलाशी धावत आला. ‘काका, तिरपी घ्या, तिरपी!’ तिरपी घ्यायला जागा हवी ना. मागे जांभ्या चिऱ्यांचा ट्रक, त्याच्या मागे सहा आसनी, दोघे हॉर्न वाजवतायत. शेवटी खलाशाने दोन फळ्या आणल्या, चाकांखाली सरकवल्या, आणि बोटीवरच्या झाडून सगळ्या माणसांच्या मार्गदर्शनाखाली गाडी इंचाइंचाने वर चढली. काळ्या लिपचा ओरखडा अजून त्या फळीवर असेल. दाभोळला उतरताना हेच परत, फक्त प्रेक्षक वाढले होते.

हा प्रसंग विनोदी आहे, मलाही हसू येतं. पण जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, लांबचा प्रवास. १९५१मध्ये लान्चियाने ऑरेलिया बी२० जीटी आणली तेव्हापासून या गाडीकडून अपेक्षा एकच : दोन माणसं, त्यांचं सामान, जोरात जायचं आणि पोचल्यावर कंबर शाबूत हवी. (मस्टँग खरी जीटी नव्हे, ती पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडीचा अमेरिकी प्रकार, ही दुरुस्ती करायला कोणीतरी येईलच. नावात जीटी १९६५पासून आहे, मला तेवढं पुरे.) कंपनीची गाडी ही अपेक्षा बऱ्यापैकी पुरी करते. ३० मिलिमीटर खाली आणून, ताठ स्प्रिंगा घालून आधीच्या मालकाने तिचा नेमका तोच गुण काढून घेतला. आईने तर अंगणात एकदा आत बसून बघितलं, बाहेर यायला दोघांचा हात लागला, आणि मग विचारलं, ‘एवढ्या पैशांत उंच गाडी नाही मिळत?’

कायद्याचं तुम्ही ‘कोण बघतंय’ म्हणून उडवून लावलंत. दोनच ओळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. आणि कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पाच हजारांचं मला काही नाही. पण कुंभार्ली घाटात उद्या काही झालं आणि विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडून उभा राहिला, तर त्याला न कळवलेला सुपरचार्जर लगेच दिसतो आणि दावा अडकतो. ४६ लाख बिनविम्याचे फिरवायचे? गाडी एमएच-१२ची आहे त्यामुळे नंबर बदलायची भानगड नाही, एवढाच कागदांचा आनंद.

सुट्या भागांची तुम्ही काढलेली काळजी मला नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण मस्टँग तशीही बाहेरूनच यायची.

मग घेणार की नाही, ते एकदा सांगून टाका, असं तुम्ही लिहिलंत. आज आहे तशी नाही. मालकांना मी सांगितलंय की मूळ स्प्रिंगा, मूळ इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि कंपनीचा मॅप परत बसवून दिलात तर ३८ लाख रोख, आणि किट तुमचं तुम्ही वेगळं विका. ते म्हणाले, स्प्रिंगा गॅरेजवाल्याकडे पडल्या असतील, इनटेकचं विचारून सांगतो. शिमग्यापर्यंत थांबणार आहे.

तुमच्याकडेही असंच किट लावलेली गाडी आहे आणि ती ‘मक्खन’ चालते असं तुम्ही लिहिलं आहे. मला चिडवायचं नाही, खरंच बघायचंय. तिसऱ्या गिअरमधला, २५०० ते ६५०० आरपीएमचा लॉग पाठवा, इंजेक्टर ड्यूटी (ते किती टक्के वेळ उघडे), इनटेक तापमान आणि नॉकच्या (मिश्रण अवेळी पेटण्याच्या) रकान्यांसकट. जमल्यास समुद्रकाठी येऊन काढलेला. डायनो शीटचा फोटो नको.