दहावा दिवस नक्की कधी?

कोरोनाचं वर्ष, २०२०. ३१ ऑगस्टला संध्याकाळी बातमी आली की २ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागणार नाही. चांगली बातमी आहे, मान्य. फक्त मी ३० ऑगस्टला रात्री गावाहून डोंबिवलीला परत आलोय आणि त्या परतीच्या ई-पाससाठी काकांच्या फणसाखाली, जिथे एक दांडी रेंज येते तिथे, लागोपाठ दोन संध्याकाळी पावसात छत्री धरून फॉर्म भरत उभा होतो. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात फोन, आणि आधार कार्डाचा फोटो ९२ टक्के अपलोड होऊन थांबलेला. तीन दिवस उशिरा निघालो असतो तर काहीच करावं लागलं नसतं. बायको म्हणाली, जाऊ दे, पोचलास ना नीट. पोचलो हो. पण जाऊ कसं दे?

जातानाचं रामायण थोडक्यात आटपतो कारण ते सगळ्यांचं सारखंच आहे. आधी चाललेलं की सिंधुदुर्गात गणपतीला यायचं तर ७ ऑगस्टच्या आत या आणि १४ दिवस क्वारंटाइन व्हा. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरकारने सांगितलं १४ नाही १०, आणि १२ ऑगस्टपर्यंत पोचा, त्यानंतर येणाऱ्याने टेस्ट करून निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन यायचं. एसटीने गेलात तर ई-पास नको, स्वतःच्या गाडीने गेलात तर हवा. म्हणजे एका एसटीत २२ माणसं, त्यांना पास नको, आणि मी माझ्या गाडीत एकटा, काचा वर, मास्क लावून, मला पास हवा. यामागचं लॉजिक मी चार जणांना विचारलं, चौघांनी चार वेगवेगळी लॉजिकं सांगितली आणि मला चारही पटली, हाच आपला खरा प्रॉब्लेम आहे. मग एसटीनेच का गेला नाहीस, असं विचाराल, तर बायकोने सांगितलं होतं की २१ अनोळखी माणसांबरोबर रात्रभर बसून गेलास तर परत या घरात यायचं नाही. सगळ्या सीझनमध्ये हा एकच नियम शेवटपर्यंत बदलला नाही.

डॉक्टरचं सर्टिफिकेट हा एक वेगळाच प्रकार. डॉक्टर प्लास्टिकच्या पडद्यामागे. ताप? नाही. खोकला? नाही. शंभर रुपये, शिक्का, नेक्स्ट. मला हातही लावला नाही, मीही त्यांचा चेहरा पाहिला नाही, उद्या रस्त्यात भेटलो तर दोघंही ओळखणार नाही. त्या कागदाचा फोटो अस्पष्ट आहे म्हणून पहिला अर्ज रिजेक्ट, दुसराही रिजेक्ट, आणि तिसऱ्या वेळी तोच फोटो, अगदी तोच, मंजूर. ११ ऑगस्टला सकाळी निघालो. पेणपासून खड्डे, कशेडीला रांग, खारेपाटणला रांग, प्रत्येक ठिकाणी तीच नावं त्याच प्रकारच्या वहीत, आणि रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी गाडी आमच्या खळ्यात. वेळ लक्षात ठेवा, ११:४०. पुढचं सगळं महाभारत या वेळेवर आहे.

काकांनी घरात घेतलं नाही. म्हणजे प्रेमाने घेतलं नाही, लांबूनच कंदील दाखवून मांगरात, म्हणजे घरापासून वेगळ्या खोपीत, जायला सांगितलं. मांगर साफ करून ठेवलेला, खाटेवर नवी चादर, कोपऱ्यात पाण्याची कळशी, भिंतीपलीकडे गोठा आणि गोठ्यात म्हैस. काकीने भाकरी आणि कुळथाची पिठी पायरीवर ठेवली आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहिली, मी जेवतोय की नाही ते बघत. इतकं लांबून मला कोणी भरवलं नव्हतं.

सकाळी सात वाजता शिट्टी वाजली. खरीखुरी शिट्टी, पीटीच्या सरांची असते तशी. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे तात्या उभे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कंबरेला पंचा, तोंडाला काकूच्या जुन्या लुगड्याचा मास्क, गळ्यात शिट्टी, एका हातात शाळेची दोनशे पानी वही आणि दुसऱ्या हातात ती ताप मोजायची बंदूक. गावच्या समितीने चाकरमान्यांवर लक्ष ठेवायचं काम तात्यांना दिलेलं. तात्यांना आयुष्यात दुसरं कुठलंच पद मिळालेलं नव्हतं, आणि हे मिळालं ते बंदुकीसकट.

"कधी इलंस?"

"रात्री. ११:४०."

तात्यांनी वहीत लिहिलं, बारा तारीख, सकाळी सात.

म्हटलं तात्या, मी अकरा तारखेला आलोय, अकराचा एक दिवस झाला. दहा दिवस म्हणजे वीसला संपतात, एकवीसला मी मोकळा.

"वहीत बारा आसा."

"पण आलो अकराला ना!"

आता तात्यांनी वही मिटली आणि गडग्यावर बसले. हे बसणं मला कळायला हवं होतं. तात्या उभ्याने बोलले तर नियम सांगतात, बसून बोलले तर शास्त्र.

"ह्या बघ. सुतक किती दिवस? दहा. सोयेर किती दिवस? दहा. शासनान आधी चौदा काढलेले, तेवाच मी म्हटलंय, ह्या काय बरोबर नाय, चौदा दिवसांचा काय्येक नसता. आता दहा केल्यानी. उशिरा कळला, पण कळला."

म्हटलं बरं, मग सुतकाच्याच हिशोबाने चला. पंचांगात दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. रात्री ११:४० म्हणजे अकराच. मला वाटलं जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा पंचांग माझ्या बाजूने होतं.

तात्या हसले, मास्कमधून दिसत नव्हतं पण लुगडं हललं. "लांबचा सुतक मेल्यापासून धरणत नाय. कळल्यापासून धरतत. तू इलंस रात्री, आमका कळला सकाळी."

शास्त्रात असं खरंच आहे का मला माहीत नाही, पण सकाळी सात वाजता चहा न घेता याला काय उत्तर देणार? म्हणजे बारा हा पहिला दिवस, एकवीस हा दहावा, आणि अकराव्या दिवशी आंघोळ करून शुद्ध. अकरावा दिवस म्हणजे २२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. आदल्या दिवशी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची, माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळांफुलांची मांडणी, बांधायची, ते सगळं माझ्याशिवाय. गेली एकोणीस वर्षं आमच्याकडे माटवी मी बांधतो. ऑफिसात लोक मला प्रमोशनसाठी विचारत नाहीत, पण माटवीत कवंडळं कुठे आणि हरणं कुठे, शेरवड किती आणि तवसं मधे बांधायचं की कडेला, हे गावात मला विचारून करतात. वीस मिनिटांसाठी हे माझ्या हातातून गेलं. कंदिलाच्या उजेडात गाडी आत घेतली तेव्हाच एक हाक मारली असती तात्यांना तर? पण ते झोपले होते. आणि त्यांना उठवणं हा कदाचित गुन्हा असेल, कोण जाणे, आधीचा नियम तेव्हा बदलला असेल.

मग बंदूक.

तात्यांनी आठ फुटांवरून नेम धरला, एक डोळा मिटून. बंदूक पिक् वाजली. "लो आसा."

"तात्या, जवळ यावं लागतं."

"जवळ येऊचा नाय, तसा सांगल्यानी." परत नेम. पिक्. "लो."

"लो म्हणजे कमी."

"कमी म्हणजे बरा मा?"

"हो, बरं."

तात्या विचारात पडले. "मढ्याचा पण कमीच येतला."

इथे त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. बंदूक बिघडलीय की मी, हे ठरवायला त्यांनी आधी स्वतःच्या कपाळाला लावली, ९६. मग गडग्याच्या चिऱ्याला, ८२. मग माझ्याकडे बघून म्हणाले, वायच थांब, आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या कपाळाला लावून आले. म्हशीने मान हलवली म्हणून दोनदा. ९९. मग गडग्यावर हात टेकून, आता पाचेक फुटांवर येऊन, शेवटचा नेम धरला, ९१.

"म्हशीपेक्षा थंड आसंस तू," तात्या म्हणाले आणि वहीत माझ्या नावापुढे लिहिलं. मला नंतर दिसलं काय लिहिलंय ते. ९१, आणि त्याखाली बारीक अक्षरात, म्हस ९९. पुढचे नऊ दिवस आमच्या दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले जात होते. चौथ्या दिवशी म्हशीचं ताक प्यायलो तेव्हा तिच्याशी एक प्रकारचं नातं वाटलं, एकाच रजिस्टरात आहोत शेवटी.

दिवस कसे गेले ते नाही सांगत, खाट, पाऊस, आणि काकांच्या फणसाखाली रेंज शोधत ऑफिसचे कॉल. तिथवर जायला तात्यांनी खास परवानगी दिली होती, तीही म्हशीमागून जायचं या अटीवर. पहिल्या दिवशी बॉसने विचारलं मागे कसला आवाज येतोय, म्हटलं नेटवर्क.

पण एक सांगतो, हसत हसत सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाडीतली पोरं गडग्यापाशी खेळत होती आणि एकाने मला बघून ओरडून सांगितलं, थंयसर नको, थंय कोरोनावालो ऱ्हवता. सहा-सात वर्षांचं पोरगं. त्याच्या बारशाला मी मुंबईहून चांदीचा वाळा आणला होता. वर्षभर गाव कोणाची वाट बघतं? देवळाच्या छपराला पत्रे कोणाच्या पैशाचे? आणि आता तेच आम्ही आलो तर पायरीवर ताट. गावाची भीती खोटी नव्हती हे मला कळतं, गावात म्हातारी माणसं जास्त, दवाखाना लांब, पावसात एक पूल पाण्याखाली गेला की ॲम्ब्युलन्ससुद्धा येत नाही. मे महिन्यात लोक हायवेवरून पोरंबाळं घेऊन चालत गेले, त्यांच्यापुढे माझं हे सगळं लाडच आहे. कळतं हो. तरी त्या रात्री काकीने पाठवलेली मालवणी कोंबडी मी अर्धी टाकून दिली, आणि अशी कोंबडी टाकणं हे माझ्या खानदानात आजवर झालेलं नाही.

आणि मग २० तारखेला भांडुपचा चुलतभाऊ एसटीने आला. हातात टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जणू सातबारा. पास नाही, मांगर नाही, काही नाही. पायरीवर चप्पल काढली आणि सरळ ओटीवर. मी मांगराच्या दारातून बघत होतो. तात्यांनी रिपोर्ट उलटा धरून वाचला, बंदूक मारली, ९७, "तू बरो आसस" म्हणाले, आणि मी बघितलं, त्याच्यासाठी म्हशीला तपासलंसुद्धा नाही. २१ला माटवी त्याने बांधली. कवंडळं एकाच बाजूला. मी मांगरातून ओरडून सांगत होतो, डावीकडे, डावीकडे, त्याची डावी की माझी डावी यात अर्धा तास गेला आणि शेवटी माटवी जरा तिरकीच राहिली. आरतीला बसलो की नजर तिथेच जायची. गणपतीबाप्पा समोर आणि मी त्यांच्या डोक्यावरच्या तवशाकडे बघतोय.

आता त्यातही गंमत बघा. त्याच २२ ऑगस्टला, मी सकाळी कळशीभर गार पाण्याने आंघोळ करून, तात्यांनी दिलेलं गोमूत्र शिंपडून घेऊन, शुद्ध होऊन ओटीवर चढलो, त्याच दिवशी केंद्राच्या गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की जिल्ह्याजिल्ह्यातल्या किंवा राज्याराज्यातल्या प्रवासावर बंधनं घालू नका, पास-बीस लागत नाही. ते पत्र महाराष्ट्रात यायला ३१ ऑगस्ट उजाडला. माझ्या गाडीला सुद्धा इतका वेळ लागला नव्हता.

३० तारखेला डोंबिवलीच्या सोसायटीत गाडी लावली. सेक्रेटरी खाली उभेच होते, हातात प्रिंट.

"गावाहून आलात?"

"हो."

"मग १४ दिवस."

म्हटलं अहो, आता दहा आहेत, आणि ते जाणाऱ्यांना, येणाऱ्यांना काहीच नाही.

"आपल्या सोसायटीचा ठराव १४चा आहे. मे महिन्यात झालेला."

मी त्यांना सुतकाचं सांगणार होतो. दहाच्या वर शास्त्रात काही नाही, असं तात्यांच्या आवाजात सांगणार होतो. तेवढ्यात वॉचमन नवीन बंदूक घेऊन आला, बॉक्समधून नुकतीच काढलेली, स्टिकरसकट, आणि आठ फुटांवर थांबून एक डोळा मिटला. पिक्.

"साहेब, लो दिखा रहा है. ये ठीक है ना?"

"जवळपास म्हैस आहे का?" मी विचारलं.