सुगम्यता तपासणीच्या अहवालाबाबत आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपण आम्हाला एक तारा देऊन लिहिले आहे की, आम्ही आपल्या चपलांच्या दुकानाच्या वेबसाइटची सुगम्यता (म्हणजे दिव्यांगांनाही ती वापरता येते का हे) तपासून १०० पैकी १०० गुणांचा अहवाल दिला, त्याचे ६,५०० रुपये घेतले, आणि महिन्याभरातच सांगलीच्या एका दृष्टिहीन ग्राहकाला त्या वेबसाइटवरून एक जोडही मागवता आला नाही. जे लाइटहाउस नावाचे टूल ब्राउझरमध्ये फुकट मिळते तेच चालवून आम्ही पैसे घेतले, असेही आपण म्हटले आहे. आणि इतर दुकानांच्या साइटवर असते तसे दिव्यांगांसाठीचे बटणही बसवून दिले नाही. यातील पहिली तक्रार पूर्ण खरी आहे, दुसरी बरीचशी खरी आहे आणि तिसरी मला मान्य नाही.

आपला अभिप्राय वाचल्यावर मंगळवारी मी स्वतः मॉनिटर बंद करून, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लावून, केवळ कीबोर्डच्या आधारे आपल्या साइटवरून चप्पल घेण्याचा प्रयत्न केला. बावीस मिनिटांनी मी तो नाद सोडला. कापशी, पुकरी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी अशा सर्व प्रकारांच्या छायाचित्रांचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवले जाणारे वर्णन, ‘चप्पल’ एवढाच होता. टूलच्या दृष्टीने मजकूर रिकामा नाही, म्हणजे काम झाले. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ‘चप्पल, चप्पल, चप्पल’ एवढेच पडते. मापाच्या चौकटी माउसने निवडता येतात, पण टॅब कळ त्यांच्यावर थांबतच नाही, आणि कोणते माप निवडले गेले हे आवाजातून कळत नाही. त्या चौकटी बटणे म्हणून लिहिलेल्याच नसल्याने, त्या बटणे असायला हव्या होत्या हे टूलला उमगण्याचे कारण नव्हते. शिवाय टूल एक पान उघडते आणि ते समोर येईल तसे तपासते. आम्ही ते मुखपृष्ठावर आणि एका उत्पादनाच्या पानावर चालवले होते. वस्तू कार्टमध्ये टाकून पत्ता भरण्याच्या टप्प्यापर्यंत कोणीच गेले नव्हते.

सर्वांत चमत्कारिक चूक ‘चामड्याची निगा’ या परिच्छेदात सापडली. तो मजकूर आपल्या जुन्या छापील पत्रकातून, छापखान्याच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जसा होता तसा साइटवर आला आहे. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हेच असतात. त्यांना देवनागरीचे रूप फक्त फॉन्ट देतो. स्क्रीन रीडरला रूप दिसत नसल्याने त्याने एक संपूर्ण परिच्छेद निरर्थक रोमन अक्षरांत वाचून दाखवला. टूलने तेथे रंगांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मोजला, तो पुरेसा निघाला आणि ते पुढे गेले. मराठी साइट तपासणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे आधी पाहायला हवे होते, याची मला खंत आहे.

तरीही टूल निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्या फेरीत आपल्या साइटला ७१ गुण होते. किमती फिकट राखाडी रंगात होत्या. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण आकाराच्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो, तेवढा तो नव्हता. फॉर्ममधील चार रकान्यांना नावे नव्हती. हे टूलने काही सेकंदांत दाखवले आणि आम्ही ते दुरुस्त केले. आमचा दोष त्यानंतरचा आहे. लाइटहाउसच्या अहवालात गुणांजवळच असे म्हटलेले असते की, यंत्राला सुगम्यतेच्या सर्व अडचणी ओळखता येत नाहीत, म्हणून माणसाकडूनही तपासणी करून घ्यावी. आपल्यासाठी पीडीएफ तयार करताना आम्ही १०० गुणांचे हिरवे वर्तुळ ठेवले आणि ती ओळ गाळली. करारात ‘स्वयंचलित तपासणी’ असा शब्द आहे हे खरे, पण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १०० पाहिल्यावर कोणी करार उघडून पाहावा, ही अपेक्षा रास्त नव्हे.

बटणाविषयी मात्र मी ठाम आहे. ते अक्षरे मोठी करते, रंग बदलते. ज्याला याची गरज असते त्याच्या फोनमध्ये वा संगणकात ती सोय बहुधा आधीच असते. मापाच्या चौकटी आणि तो परिच्छेद त्याने दुरुस्त होण्याची शाश्वती कोणी देऊ नये. असे साधन कोणतीही वेबसाइट नियमांत बसवते, असा दावा करणाऱ्या एका कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत दहा लाख डॉलर भरावे लागले.

आपले ६,५०० रुपये काल परत पाठवले आहेत. मापाच्या चौकटी आणि ‘चामड्याची निगा’ हा परिच्छेद येत्या शनिवारपर्यंत विनामूल्य दुरुस्त होईल. त्यानंतर संपूर्ण खरेदी एका दृष्टिहीन व्यक्तीकडून, योग्य मोबदला देऊन, तपासून घेऊ. आपले सांगलीचे ग्राहक तयार असतील तर प्रथम त्यांनाच विचारावे, ही विनंती. छायाचित्रांचा पर्यायी मजकूर मात्र आमच्या राजारामपुरीच्या कार्यालयात बसून लिहिता येणार नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी दुकानात येतो. कापशी आणि पुकरी यांतला फरक न पाहता कसा सांगायचा, हे आपल्या कारागिरांकडून ऐकून लिहून घ्यायचे आहे.