आप्पा दिसत नाहीत

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सव्वादहाला मी माळ्यावरून बास्केट खाली काढली. तिच्या जाळीच्या दाराची कडी टक् करून वाजली, आणि आप्पा घरातून नाहीसे झाले.

आप्पा म्हणजे आमचा बोका. चार वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात तो जिन्यात येऊन बसला होता, शब्दशः भिजलेलं मांजर. काळी पाठ, पांढरं पोट आणि नाकाखाली दोन्ही बाजूंना कोरून काढल्यासारख्या काळ्या मिशा. पुसून कोरडा केल्यावर तो हॉलमधल्या खुर्चीत चढला आणि आपण फॉर्मच्या तीन प्रतींऐवजी दोनच आणल्या आहेत अशा नजरेने आमच्याकडे बघू लागला. बायको म्हणाली, "अगदी आमच्या ऑफिसातले रिटायर झालेले आप्पा!" नाव पडलं आणि नावाच्या मागोमाग अहो-जाहो आलं. आप्पा म्हटल्यावर पुढे 'आला' म्हणायला जीभ वळत नाही. आप्पा जेवले का, आप्पा उठले का, आप्पांनी पुन्हा सोफा ओरबाडला का. आमच्या घरात एवढा मान मला कधी मिळालेला नाही.

तर आप्पांना रेबीजची वर्षाची लस द्यायची होती. डॉक्टरांनी अकराची वेळ दिलेली. आदल्या रात्रीपासून आम्ही 'डॉक्टर' हा शब्द घरात उच्चारला नव्हता. जपानमधल्या संशोधकांनी 2019 साली दाखवून दिलं की मांजराला आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखू येतं. आप्पांना नावासोबत 'बास्केट', 'डॉक्टर' आणि 'गाडी काढू का' हेही येतं असा माझा अनुभव आहे, म्हणून सगळं खुणांवर चाललं होतं. पण कडी वाजली. माणसाला फार तर 20 हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60 हजारांच्याही पुढचा. आप्पा तेव्हा स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याकडे बघत होते. मी बास्केट घेऊन आत गेलो तर पातेलं होतं, दूध होतं, बघणारे नव्हते.

"जातात कुठे?" मी म्हणालो. "480 चौरस फुटांचं तर घर."

हे वाक्य मला पुढे दीड तास ऐकून घ्यावं लागलं.

डोंबिवलीत वन बीएचके घेणाऱ्या माणसाला आपल्या घराचा इंच न् इंच पाठ असतो, कारण त्या प्रत्येक इंचाचा हप्ता त्याने फेडलेला असतो. माझाही तसा समज होता. पण बिल्डरने आम्हाला घर चौरस फुटांत विकलं आणि आप्पा ते घनफुटांत वापरतात, हे त्या दिवशी कळलं. आम्ही जमिनीवर राहतो. आप्पा कपाटावर, कपाटाखाली, कपाटामागे आणि दार उघडं राहिलं तर कपाटातही राहतात. त्या हिशेबाने आमचं घर चार हजार घनफुटांच्या वर जातं.

सुरुवात दिवाणापासून केली. मी पोटावर झोपून मोबाइलचा टॉर्च आत मारला. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, म्हणून अंधारात उजेड पडला की त्याचे डोळे चमकतात. आत दोन हिरवे ठिपके चमकले. मी ओरडलो, "सापडले!" आणि हळूहळू, प्रेमाने, "आप्पा, या बरं बाहेर," असं पाचेक मिनिटं आळवत राहिलो. ठिपके पापणीही हलवेनात. शेवटी चिरंजीव दुसऱ्या बाजूने वाकले आणि म्हणाले, "बाबा, तो इन्व्हर्टर आहे."

मग दिवाणाची फळी उचलायची ठरली. दिवाण ही मराठी मध्यमवर्गाची खरी तिजोरी. वरच्या गाद्या, गाद्यांवरच्या इस्त्रीला जायच्या कपड्यांची चळत आणि तिच्यावरचा चिरंजीवांचा लॅपटॉप हलवल्याशिवाय ती उघडत नाही. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फळीचं एक टोक धरून म्हणाले, "1935 साली श्रोडिंगरने म्हटलं होतं, पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही असतं आणि मेलेलंही." त्यांची आई म्हणाली, "अभद्र बोलू नकोस." मला त्या श्रोडिंगरचा हेवा वाटला. त्या गृहस्थाला निदान पेटी कुठली ते ठाऊक होतं.

दिवाणात आप्पा नव्हते. 2009 सालचं दिवाळीचं आकाशकंदिलाचं सामान होतं, लग्नात आलेले आणि पुढे कुणाला तरी द्यायचे म्हणून ठेवलेले तीन लेमन सेट होते, आणि गोदरेजच्या कपाटाची दुसरी किल्ली होती. या किल्लीवरून सहा वर्षांपूर्वी आमच्यात दोन दिवस अबोला झाला होता. ती तुम्हीच हरवली, असं तिचं म्हणणं होतं. किल्ली तिच्या जुन्या पर्समध्ये निघाली. मी काही बोललो नाही. फक्त किल्ली तिला दिसेल अशी टीपॉयवर ठेवली.

"आधी मांजर शोधा," ती म्हणाली.

हॉलच्या कोपऱ्यात आई आपल्या आरामखुर्चीत पेपर घेऊन बसली होती. एवढ्या धावपळीत तिने पान उलटण्यापलीकडे हालचाल केली नव्हती. मी विचारलं, "आई, आप्पांना पाहिलंस का?"

"मला हल्ली दिसतंय कुठे, बाळा," आई म्हणाली. "मोतीबिंदू आहे ना."

हे मी ऐकलं आणि फ्रिजकडे वळलो. माणूस घाईत असला की त्याची अक्कल कशी गहाण पडते बघा. गेलं वर्षभर ही बाई 'माझे डोळे ठणठणीत आहेत' म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची प्रत्येक तारीख उधळून लावत होती. छोट्या जाहिरातींतला मजकूर ती बिनचष्म्याने मोठ्याने वाचते. तिला मोतीबिंदू आहे हे त्या दिवशी तिने पहिल्यांदा कबूल केलं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

फ्रिजमागे बघायचं कारण असं की मांजराला ऊब लागते. त्याच्या अंगाचं तापमानच 38-39 अंश, म्हणजे ज्यात आपण क्रोसिन घेऊन पडून राहू त्या तापात ते कायम हिंडत असतं. फ्रिजमागे भिंतीपासून चार बोटांची फट होती. त्यातून मांजर जाणं शक्य नाही, असं मी जाहीर केलं. चिरंजीवांनी लगेच मोबाइलवरून वाचून दाखवलं, की आपल्याकडे कॉलर बोन खांद्याला पक्कं बसवलेलं असतं, मांजरात ते नुसतं स्नायूंत तरंगतं. त्यामुळे जिथे डोकं गेलं तिथे बहुधा सगळं मांजर जातं. बारीक असलं तर, अशी पुस्ती त्यांनी स्वतःच जोडली. आप्पांचं वजन साडेपाच किलो आहे. तरी आम्ही तिघांनी मिळून फ्रिज ओढला. मागे एक चमचा, रबरी चेंडू, सुकलेली भेंडी आणि मी कामवाल्या मावशींना 'तुम्ही टाकलंत का' असं विचारून दुखावलं होतं ते डब्याचं झाकण. झाकण मी खिशात घातलं.

वॉशिंग मशिन, गव्हाची कोठी, देवघराखालचा कप्पा, पडद्यांच्या घड्या, माळा. माळ्यावर मी दोनदा चढलो. दुसऱ्यांदा चढलो ते पहिल्यांदा चष्मा तिथेच राहिला म्हणून.

पावणेअकरा वाजले. बायकोला एकदम आठवलं, "अहो, मघाशी भाजीवाला आला तेव्हा दार उघडं होतं!"

झालं. माझा धीर सुटला. मी जिन्यात, गच्चीवर, पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीखाली वाकून "आप्पा, आप्पा" करत फिरलो. तेवढ्यात तिने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. घरच्या सवयीने टाकला, त्यात तिची काही चूक नाही: 'आमचे आप्पा सकाळपासून दिसत नाहीत. कुणाला दिसले तर कृपया कळवा. काही खाल्लेलंही नाही.'

बी विंगमध्ये गेल्याच महिन्यात एक कुटुंब राहायला आलंय. त्यांनी लगेच विचारलं, 'अंगावर कपडे काय आहेत?'

'कपडे काहीच नाहीत,' हिने लिहिलं. 'गळ्यात लाल पट्टा आहे.'

ग्रुपवर शांतता पसरली. मग कुणीतरी हात जोडलेली दोन चित्रं टाकली. सेक्रेटरी जिना चढून, धापा टाकत, दारात हजर. "वहिनी, घाबरू नका. या वयात असं होतं. आधी पोलीस स्टेशनला फोटो देऊ. आणि त्यांना शुगर वगैरे आहे का?" मी खालून वर आलो तो मला जवळ घेऊन पाठीवर थोपटू लागले. आप्पा हा बोका आहे हे समजावून सांगितल्यावर ते आमच्यावर इतके रागावले की आप्पा खरंच माणूस असते तर बरं झालं असतं असं वाटलं. जाताना बजावून गेले, "ग्रुपवर एकवचन वापरत जा."

यातून एक झालं. पहिल्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू मदतीला धावून आल्या. हातात वाटी, वाटीत सुकट. "तुमी नुसते हाका मारतास. मांजर हाकेक येता? वासाक येता," त्या म्हणाल्या आणि आमच्याच गॅसवर, आमच्याच तव्यावर सुकट भाजू लागल्या. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नाही. एरवी आईने त्या तव्यासकट आम्हाला बाहेर काढलं असतं. पण आई पेपरच्या आड गप्प. हे दुसरं चिन्ह. मी तेही चुकवलं.

वास पसरला. अख्ख्या जिन्यात पसरला. पाच मिनिटांत आमच्या दारात तीन मांजरं येऊन उभी राहिली: वॉचमनच्या केबिनजवळचा कानतुटक्या, एक तिरंगी मांजरी, आणि एक पिवळा बोका जो मी जन्मात पाहिला नव्हता. आमचे तेवढे आले नाहीत. कानतुटक्याने थोडा अंदाज घेतला, उंबरा ओलांडला, आणि तो थेट हॉलच्या मध्यावर येऊन बसला.

आणि आईची गोधडी गुरगुरली.

साधंसुधं नाही. खोलवरून, घशातून, स्कूटर सुरू होताना करते तसं. आम्ही सगळे वळलो. आई आरामखुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर गोधडी होती. डोंबिवली. मे महिना. वर पंखा पाचावर. आणि मांडीवर गोधडी! दीड तास मी त्या गोधडीला वळसा घालून फिरत होतो. तिच्यावरून हात लांबवून मी खिडकीचा पडदा झटकला होता. 'काखेत कळसा' ही म्हण ज्याने रचली त्याच्या घरी मांजर असणार.

"आई!" मी म्हणालो.

"ओरडू नकोस, तो घाबरतो," आई म्हणाली. आप्पांना घरात एकेरी हाक मारणारी ती एकटीच.

"तू म्हणालीस पाहिला नाही!"

"मी म्हटलं मला दिसत नाही. गोधडीखालचं तुला तरी दिसलं का?" तिने गोधडीचं टोक उचललं. आतून आधी मिशा आल्या, मग आप्पा. कानतुटक्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून ते पुन्हा आत गेले. "सुया टोचतात त्याला तिथे. मागच्या वेळी दोन दिवस जेवला नव्हता. मला येऊन चिकटला, मी पांघरूण घातलं. त्यात काय एवढं?"

चार वर्षांपूर्वी 'घरात मांजर आलं तर मी धाकट्याकडे जाऊन राहीन' असं म्हणणारी हीच ती बाई.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बास्केट फक्त सुईच्या दिवशी माळ्यावरून काढली तर मांजर दुसरं काय करणार? ती कायम खाली ठेवा, दार उघडं, आत मऊ कापड. आणि मांजर लपलं की घर उपसू नका. गप्प बसा. घर शांत झालं की ते आपणहून येतं." पुढच्या शनिवारची वेळ मिळाली. त्या आठवड्यात बास्केट हॉलमध्ये राहिली, आत आईची जुनी सुती साडी. तिसऱ्या दिवशी आप्पा तिच्यात झोपू लागले, आणि शनिवारी झोपेतच डॉक्टरांकडे पोहोचले. टोचून घेतलं, घरी आले, जेवले. आईने मात्र दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. 'मोतीबिंदू आहे ना' हे तिचेच शब्द, आता माघार घेता येणार नव्हती. साडेनऊला रिक्षा खाली थांबवून मी वर आलो आणि हाक मारली. आरामखुर्ची रिकामी. पेपर घडी करून ठेवलेला. बाथरूमच्या दाराला आतून कडी, आणि नळ मोठा सोडलेला.

दारासमोर आप्पा बसले होते. पाठ दाराकडे, तोंड माझ्याकडे. फॉर्मची तिसरी प्रत आणली का, असं विचारत.