‘शेवटी गेलाच ना?’ या प्रश्नाला उत्तर

ताई, माझ्या कुत्र्याबद्दल, बाळूबद्दल, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘अकरा वर्षांच्या कुत्र्याचा जबडा कापणं ही माया नाही, हट्ट आहे. बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो. आणि शेवटी बाळू गेलाच ना?’ हे तुम्ही जिव्हाळ्यापोटी लिहिलंत, म्हणूनच सविस्तर सांगतो.

आधी बायोप्सी. तपासणीसाठीचा तुकडा तोंडाच्या आतून, गाठीतूनच घेतात. ओठ किंवा गालाची कातडी चिरत नाहीत. पुढे ऑपरेशनमध्ये ती जागाही निघून जावी, म्हणून. बाळूची गाठ गुलाबी होती, हिरडीसारखीच. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, काळाच असतो, असं मी समजत होतो. पण कुत्र्यांच्या तोंडातले बरेच मेलानोमा बिनरंगाचे असतात, बाळूचाही तसाच निघाला. तशीच दिसणारी गाठ अमेलोब्लास्टोमाची (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी) असती, तर तिने हाड पोखरलं असतं, पण ती अंगभर पसरली नसती. पुरती काढली की कुत्रा बरा होतो. नुसतं बघून मी कसं ठरवणार होतो?

आमची चूक झाली ती त्याआधी. तोंडाला घाण वास, एक दाढ हलणारी. पहिल्या डॉक्टरांनी दाढ काढली, अँटिबायोटिक दिलं. खड्डा भरेना, उलट त्यातून मांस वर यायला लागलं, तरी आम्ही सहा आठवडे गोळ्याच देत राहिलो. ते सहा आठवडे मला अजून टोचतात.

तोवर गाठ तीन सेंटिमीटरची झाली होती. जबड्याखालच्या लिम्फ नोडमधून (लसिका ग्रंथीतून) सुईने नमुना घेतला, छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे काढले, सीटी स्कॅन केला. कुठे पसरलेलं दिसलं नाही, तेव्हाच डावा खालचा जबडा काढायचं ठरवलं. फुप्फुसात डाग असते तर मीही वेदनाशामकांवरच थांबलो असतो. तिथे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या संध्याकाळी चिकनच्या पाण्यात कालवलेला गुरगुट्या भात तळहातावर धरला. त्याची जीभ डावीकडे लोंबत होती, अर्धा भात फरशीवर सांडला. त्याने आधी माझा तळहात चाटून स्वच्छ केला, मग फरशी.

चौदा महिने मिळाले. शेवटचे दोन आठवडे सोडले तर रोज फाटकापर्यंत माझ्यासोबत येत होता. मग रोग फुप्फुसात गेला, धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांना घरी मीच बोलावलं. गेला, हो. पण जबडा काढला तो अमर करायला नव्हे. त्याला घास चावताना कळ येत होती, ती थांबवायला.

तुमच्याकडे दोन म्हातारी कुत्री आहेत, असं लिहिलंय. आज रात्री दोघांचे ओठ वर करून हिरड्या बघा, जिभेखालीही बघा. काही वेगळं दिसलं तर इथेच कळवा.