अंधाऱ्या खोलीत कोंडल्याने मूल धीट होत नाही

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मुलांची भीती घालवण्याचे उपाय सांगणारा एक लांबलचक मजकूर आला. त्याखाली लेखकाचे नाव नव्हते आणि आधारही नव्हता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या पिढीतली मुले कशालाच घाबरत नसत, आजची भीती ही लाडांची देणगी आहे, अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला रोज दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत कोंडावे, पाण्याला घाबरणाऱ्याला एकदाच विहिरीत ढकलावे, भित्र्या मुलाला चारचौघांत चिडवावे, आणि भीतीला कुरवाळत बसू नये. हे वाचून माझ्या भावाने त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला तीन रात्री अडगळीच्या खोलीत कोंडले. तिसऱ्या रात्री मुलगा रडला नाही, म्हणून ‘उपाय लागू पडला’ असे त्याने गटावर कळवले. तेव्हापासून माझा भाचा संडासाचे दार लावू देत नाही, आणि आईने बाहेर उभे राहून बोलत राहावे असा त्याचा हट्ट असतो.

म्हणून आधी कोंडण्याविषयी. साधारण तीन ते सहा या वयात मुलाची कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते; मात्र मनात आलेले आणि प्रत्यक्ष असलेले यांतला फरक ओळखण्याची समज तेवढ्या वेगाने येत नाही. दिसत नाही तिथे काहीतरी असेल, हे त्याला याच वयात सुचू लागते. त्यामुळे अंधाराची भीती हा वाढीचाच एक टप्पा आहे, बिघाड नव्हे. अशा मुलाला कोंडले की तो दोनच गोष्टी शिकतो: अंधार खरोखरच शिक्षेची जागा आहे, आणि हाक मारली तरी कोणी येत नाही. दुसरी गोष्ट पटली की रडणे थांबते. रडणे थांबले म्हणजे भीती गेली, हा या मजकुरातला सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण त्याच्या आधारावर आईबाप तोच प्रकार पुन्हा करतात.

भीती कशी जाते हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1924 मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेले काम प्रसिद्ध आहे. पीटर हा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला आणि तशाच केसाळ, मऊ वस्तूंना घाबरत असे. त्याच्या अंगावर ससा कोणी सोडला नाही. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला जाई आणि तो अस्वस्थ होणार नाही अशा बेताने हळूहळू जवळ आणला जाई. सशाला न घाबरणारी मुलेही कधी कधी शेजारी असत. मध्येच तो आजारी पडून रुग्णालयात राहिला, परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि भीती पुन्हा उफाळली. तेव्हाही जबरदस्ती झाली नाही, पुन्हा दुरूनच सुरुवात झाली. शेवटी ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी तो शांत राहू लागला. याच सुमारास जोन्सबाईंनी इतर मुलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांत चिडवणे आणि दटावणे निरुपयोगी ठरले. आवडत्या गोष्टीच्या जोडीने हळूहळू ओळख करून देणे आणि न घाबरणाऱ्या मुलांचे पाहून शिकणे, हे दोन उपाय उपयोगी पडले. ‘भागुबाई’ म्हणून चिडवल्याने मुलगा सुधारतो, या मुद्द्याला यापुढे वेगळे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

विहिरीचा मुद्दा आपल्याच गावांचा अपमान आहे. खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुले विहिरीत पोहायला शिकली, ती पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून, काका-मामा पाण्यात असताना. अंगाला सवय झाली की मग डबा सुटे. पोहता न येणारे मूल ढकलल्यावर दोन-चार मिनिटांत बुडून मरू शकते. तो उपाय म्हणून सुचवणे हा गुन्हेगारी बेजबाबदारपणा आहे.

जुनी पिढी निर्भय होती म्हणणाऱ्यांनी गांधीजींची आत्मकथा उघडावी. चोर, भुते आणि साप यांची आपल्याला एवढी भीती वाटे की खोलीत दिवा असल्याशिवाय झोपणे कठीण होते, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे, आणि तेही लग्न झाल्यानंतरच्या काळाबद्दल. भुतांच्या भीतीवर रंभा या त्यांच्या दाईने रामनामाचा जप सुचवला होता. तिने त्यांना हिणवले नाही, धरायला काहीतरी दिले.

शेवटच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, आणि ते मला मान्य करावे लागते. भीतीची वस्तू नुसती टाळत राहिल्याने भीती सहसा जात नाही. जोन्सबाईंनाही हेच आढळले. कुत्रा दिसला की मुलाला उचलून रस्ता बदलणारे पालक त्याची भीती जपतातच. पण त्यावरून कोंडण्यापर्यंत उडी मारता येत नाही. समोर जायचे, परंतु किती जवळ जायचे आणि कधी थांबायचे हे मुलाच्या हाती ठेवायचे.

भाच्याबाबत आम्ही आता तेच करत आहोत. अडगळीच्या खोलीच्या दाराशी वहिनी त्याच्याबरोबर बसते, बॅटरी त्याच्या हातात असते, आणि ती केव्हा विझवायची हे तोच ठरवतो. परवा त्याने पाच आकडे मोजेपर्यंत ती विझवली. संडासाचे दार अजून उघडेच असते. भावाला चूक उमगली आहे आणि त्याने ती मुलापाशी कबूल केली आहे. पण ‘उपाय लागू पडला’ हे त्याचे वाक्य गटावर तसेच आहे आणि त्याखाली अकरा जणांनी अंगठे दिले आहेत. त्यांपैकी चौघांच्या घरी लहान मुले आहेत. भावाने ते वाक्य आजच मागे घ्यावे, आणि ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला त्यांनीही पाठवला तिथेच जाऊन तो चुकीचा असल्याचे लिहावे.