आत्याची कोरफड आणि 'हार्मोनवाली' झाडं

काल आत्याने बाल्कनीतली कोरफड उपटून केराच्या डब्यात टाकली. का, तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: "टिशू कल्चरची औषधी झाडं जीएम असतात, हार्मोनवर वाढवतात, थायरॉईड बिघडतं, गुण शून्य, जंगलातलीच वनस्पती खरी." मी दोन वर्षं टिशू कल्चरच्या लॅबमध्ये रोपांच्या बाटल्या भरल्यात, डोकंच फिरलं.

जीएमचं, म्हणजे जनुकं बदलल्याचं, आधी उरकतो. टिशू कल्चर म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं; यात बाहेरचं जीन कोणी घालत नाही, गुलाबाची फांदी खोचतो तसंच हे, फक्त फांदीऐवजी कोंबाचा नखाएवढा तुकडा. जळगावची बरीचशी केळी अशीच येतात, उपासाला तीच खातेस ना आत्या?

आता हार्मोन. बाटलीत असतं काय? लिटरला 30 ग्रॅम साखर (तुझ्या चहात जास्त असते), क्षार, घट्ट व्हायला आगर म्हणजे आपलं चायना ग्रास, आणि चिमटीतही येणार नाही एवढं सायटोकायनिन-ऑक्सिन. ही झाडांची हार्मोन्स, मेथीच्या जुडीतही असतात, थायरॉईडशी काय देणंघेणं! सायटोकायनिन तर नारळपाण्यात आयतं मिळतं, म्हणून 1941 पासून लॅबवाले नारळपाणी मिडियममध्ये, म्हणजे बाटलीतल्या त्या खाद्यात, ओतत आलेत. मग शहाळंही बंद कर.

गुण शून्य? बरं, अर्धं मान्य. बाटलीतून काढलेलं रोप कोवळं असतं, सर्पगंधेच्या मुळात गुण उतरायला माती, ऊन आणि वेळ लागतो, पण तो बियांच्या रोपालाही लागतोच. आणि मदर प्लांट, म्हणजे ज्याचा तुकडा घेतो ते झाड, हलकं निवडलं तर हजारो रोपं हलकी निघणार, हेही खरं. पण शून्य म्हणणाऱ्याने टॅक्सॉल बघावं. कॅन्सरचं हे औषध आधी यू झाडाची साल सोलून काढायचे, झाड मरायचं. मग ब्रिस्टॉल-मायर्स स्क्विब कंपनी झाडाच्या पेशी टाकीत वाढवून ते काढायला लागली, 2004 मध्ये अमेरिकेत त्याला ग्रीन केमिस्ट्रीचा सरकारी पुरस्कार मिळाला.

आणि 'जंगलातलीच खरी' वाचून तर संतापच आला. आपल्या सह्याद्रीतलं नरक्या नावाचं झाड बघा, कॅन्सरच्या औषधांना लागणारं कॅम्पटोथेसिन त्यात मिळतं म्हणून लोकांनी घाटाघाटातून झाडंच्या झाडं बुंध्यापासून तोडून पोत्यांनी विकली. हा मेसेज फॉरवर्ड करणारा उद्या सर्पगंधाही जंगलातूनच खणून आणायला सांगेल.

कोरफड डब्यातून काढली मी. मुळं चांगली होती, दोन दिवस सावलीत सुकवून परत लावतो, पण माझ्या खिडकीत.