कॅमेरा दिसावा म्हणून कम्प्युटर उघडा टाकू नका

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. 'सीसीटीव्हीचं सॉफ्टवेअर चालत नसेल तर डिफेंडर, फायरवॉल आणि मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद करा. विंडोज उगाच अडवतं. डीव्हीआर आपल्याच ऑफिसात आहे, धोका काही नाही.' (डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, डिफेंडर म्हणजे विंडोजमधला अँटीव्हायरस.) इंदिरानगरच्या सोसायटीचं ऑफिस घ्या नाहीतर सराफ बाजारातलं दुकान. कॅमेरे ज्या कम्प्युटरवर बघतात त्यावरच टॅली, जीएसटी आणि नेट बँकिंग चालतं. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायलाच हवं.

विंडोज अडवतं, हे खरं आहे. पण प्रत्येक सेटिंग वेगळी गोष्ट अडवते, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नाही.

आधी फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून कम्प्युटरमध्ये येणारी जोडणी अडवणारा पहारा. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की विंडोज परवानगी विचारतं. घाईत कुणी 'कॅन्सल' दाबलं की त्या सॉफ्टवेअरला अडवणारा नियमच तयार होतो आणि तो तसाच राहतो. फायरवॉलच्या 'इनबाउंड' (आत येणाऱ्या जोडणीच्या) नियमांत जाऊन तेवढा काढला की काम होतं. दुसरं, ऑफिसचं नेटवर्क 'पब्लिक' (सार्वजनिक, अनोळखी) म्हणून नोंदलेलं असेल तर 'सर्च' केल्यावर डीव्हीआर सापडत नाही. अशा वेळी डीव्हीआरचा आयपी पत्ता हाताने टाकून बघा, बहुतेक वेळा चित्र लगेच येतं. कारण तिथे कम्प्युटर स्वतःहून डीव्हीआरकडे जातो आणि अशा बाहेर जाणाऱ्या जोडणीला विंडोजची फायरवॉल एरवी हात लावत नाही.

मेमरी इंटिग्रिटीबद्दलचा सल्ला तर बहुतेकांच्या उपयोगाचाच नाही. ही सेटिंग विंडोजच्या गाभ्यात शिरणारे जुने, धोकादायक ड्रायव्हर (उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) रोखते. आयपी कॅमेरा किंवा डीव्हीआर नेटवर्कवरून दिसतो, त्याला असा ड्रायव्हर सहसा लागत नाही. अडचण येते ती कम्प्युटरमध्ये कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याची वायर थेट कम्प्युटरला जोडणारं कार्ड) असेल किंवा सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलवर (पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर) असेल तेव्हा. विंडोज सिक्युरिटीत 'डिव्हाइस सिक्युरिटी', मग 'कोअर आयसोलेशन' उघडा. तिथल्या न जुळणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत फाइलचं नाव आणि बनवणारी कंपनी दिसते. त्याचा नवा ड्रायव्हर मागा. यादी रिकामी असेल तर ही सेटिंग बंद करून सहसा हाती काही लागत नाही.

पोलिसांनी फुटेज मागितलं आणि क्लिप सेव्हच होत नाही, अशीही तक्रार ऐकू येते. 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' कुणी चालू केलेलं असेल तर अनोळखी सॉफ्टवेअरला डॉक्युमेंट्स, व्हिडिओज अशा फोल्डरांत लिहिता येत नाही. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसपासून वाचवायला ही सोय आहे. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त काय अडवलं ते नावासकट दिसतं. तेवढ्या एका अ‍ॅपला परवानगी द्या किंवा क्लिप दुसऱ्या फोल्डरमध्ये काढा. यासाठी डिफेंडर बंद करायचं काहीच कारण नाही.

आता 'धोका काही नाही' याबद्दल, कारण सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे आयपी कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती, कंपनीतून आलेले पासवर्ड एकेक करून बघायचे. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने डिन या साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. ती उपकरणंही कुणाच्या तरी घरात किंवा ऑफिसातच होती. आपल्याकडे मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून देतात आणि पासवर्ड पहिलाच राहतो. असा डीव्हीआर बाहेरच्याच्या हातात गेला, तर त्याच्या आणि तुमच्या हिशेबाच्या कम्प्युटरच्या मधे फायरवॉलच उभी असते, आणि मेसेज तीच काढायला सांगतो.

जुन्या डीव्हीआरचं पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडतं, हीही अडचण खरी आहे. तो ब्राउझर 15 जून 2022 ला निवृत्त झाला. एज या विंडोजच्या आताच्या ब्राउझरमधला आयई मोड (जुनी पानं उघडणारी सोय) फक्त त्या डीव्हीआरच्या पत्त्यापुरता चालू करा. सगळ्या साइटसाठी अ‍ॅक्टिव्हएक्स (साइटला कम्प्युटरवर प्रोग्राम चालवू देणारी जुनी सोय) मोकळं करू नका.

दोष शोधण्यासाठी एखादी सेटिंग थोडा वेळ बंद करून बघायला हरकत नाही, पण तपासून झालं की लगेच चालू करा. कॅमेरे बसवणारा 'बंदच ठेवावं लागेल' म्हणाला, तर अडवलेल्या फाइलचं नाव स्क्रीनवर दाखवायला सांगा. त्याच बैठकीत डीव्हीआरचा पासवर्ड बदलून घ्या आणि राउटरवर उघडलेले पोर्ट बंद करून घ्या.